कॉनराड फाइट: फक्त 'कॅसाब्लांका'तला मेजर?

रात्रपाळी

हा धागा म्हणजे सरळसरळ वकिली आहे, आधीच सांगून टाकतो.

'कॅसाब्लांका' (१९४२) इथल्या बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातला नाझी मेजर श्ट्रासर आठवतो? विमानातून उतरतो, गणवेशाला सुरकुती नाही, डोळ्यांत ओलावा नाही, आणि शेवटी विमानतळावर फोनपाशी गोळी खाऊन पडतो. ज्या नटाने तो केला त्याची जगभरातली ओळख आज एवढीच उरली आहे. नाव कॉनराड फाइट. जन्म बर्लिनचा, २२ जानेवारी १८९३. मृत्यू लॉस एंजेलिसमध्ये, ३ एप्रिल १९४३ रोजी, गोल्फ खेळता खेळता हृदयविकाराने. वय अवघं पन्नास. 'कॅसाब्लांका'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं १९४४ च्या मार्चमध्ये, म्हणजे तोवर याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

शाळेत हा गडी ढ, वर्गात शेवटचा. डॉक्टर व्हायचं मनात होतं, ते त्या गुणांवर शक्य नव्हतं. नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्टच्या 'डॉइचेस थिएटर'मध्ये किरकोळ कामं करत शिकला. पहिल्या महायुद्धात पूर्व आघाडीवर गेला, कावीळ आणि न्यूमोनिया होऊन परत फिरला, मग सैनिकांसाठीच्या नाटक कंपनीत कामं केली. १९१७ च्या सुमारास बर्लिनला परतला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जर्मन मूकपटाचा चेहरा झाला. झोपेत चालणारा खुनी, वेडा झार, सैतानाशी सौदा करणारा विद्यार्थी, भारतीय महाराजा, काय वाट्टेल ते.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्याच सुमारास त्याने इलोना (लिली) प्रागर या ज्यू बाईशी लग्न केलं आणि दोघं इंग्लंडला गेले. १९३९ मध्ये ब्रिटिश नागरिक झाला. आणि मग हॉलिवुडने या माणसाला काय दिलं? बूट आपटायला लावले.

माझं म्हणणं असं की श्ट्रासर ही त्याची सर्वांत कमी कस लागलेली भूमिका आहे. आणि प्रश्न असा: नाझींपासून निघून गेलेल्या नटाने उरलेलं आयुष्य पडद्यावर नाझी व्हावं, ही त्याची फरफट समजायची की त्याने स्वतः निवडलेली लढाई?

टवाळखोर

शीर्षक वाचून मारधाडपट समजून आलो होतो. आलोच आहे तर मागच्या रांगेत बसतो. खारे शेंगदाणे आणलेत.

तिखटमीठ

वकीलसाहेब, अशील चांगला आहे, युक्तिवाद कच्चा आहे.

श्ट्रासर सोपा? पुन्हा बघा, आणि या वेळी फक्त त्याच्याकडे बघा. आवाज जवळजवळ चढवतच नाही. कॅफेमालक रिककडे तो टेबलापाशी बसून चौकश्या करतो तेव्हा चेहऱ्यावर यजमानाचं हसू असतं. त्याची फाइल आपल्याकडे आहे हे तो अगदी अदबीने कळवतो. ओरडणारा खलनायक प्रेक्षकाला सुटका देतो, कारण त्याच्यावर हसता येतं. हा माणूस हसू देत नाही. बोगार्टचा रिक कशाला घाबरून तटस्थ राहतोय हे समजायला समोर असाच कुणीतरी हवा होता.

स्टुडिओलाही ते कळत होतं. वॉर्नर स्टुडिओने त्याला एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओकडून उसना आणला तो आठवड्याला ५००० डॉलरवर. बोगार्टचा आठवड्याचा दर याच्या निम्म्याच्या आसपास होता. फुकटात कुणी एवढे मोजत नाही, निदान वॉर्नरबंधू तरी नक्कीच नाही.

म्युनिककर_सई

रात्रपाळी, धाग्याबद्दल धन्यवाद! तिखटमीठ यांच्याशी श्ट्रासरबद्दल सहमत, पण मला मूकपटांवरच लिहायचंय.

इकडे मूकपट अजूनही वाजत्या ऑर्गनसोबत किंवा छोट्या वाद्यवृंदासोबत दाखवतात. 'डॉक्टर कालिगारी' मी पहिल्यांदा तसा पाहिला. त्याआधी लॅपटॉपवर दहा मिनिटं बघून सोडून दिला होता, कारण तिथे ते सगळं शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पडदे वाटतात. वाकड्या भिंती, तिरक्या खिडक्या, रंगाने काढलेल्या सावल्या. हा सिनेमा २६ फेब्रुवारी १९२० ला बर्लिनच्या मार्मोरहाउसमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. नेपथ्य वार्म, राइमान आणि रोरिग या तिघांचं, दिग्दर्शक रॉबर्ट वीने. त्या नेपथ्यात बाकीचे बरेच नट पाहुण्यासारखे वावरतात. डॉक्टर झालेला वेर्नर क्राउस आणि झोपेत चालणारा सेझारे झालेला फाइट हे दोघेच तिथले रहिवासी वाटतात.

सेझारे पेटीत उभा असतो. डॉक्टर त्याला उठवतो. पडदाभर फक्त चेहरा, आणि डोळे उघडतात. एकदम नाही. आधी पापण्या थरथरतात, मग ओठांच्या कडा, मग डोळे, आणि ते उघडल्यावरसुद्धा आत कुणी आहे का हा प्रश्न उरतोच. मोठ्या पडद्यावर तो प्रसंग चालू असताना माझ्या शेजारच्या आजोबांनी खुर्चीचा हात धरला होता. पुढे तो खून करायला निघतो तेव्हा चालत नाही, भिंतीवरून ओघळत जातो. उंच, सडपातळ, काळे घट्ट कपडे. नेपथ्याची एक रेघ सुटून हलायला लागली असं वाटतं.

ज्यांना त्याचं शरीर काय करू शकत होतं हे बघायचंय त्यांनी वीनेचाच 'ओर्लाकचे हात' (१९२४) बघा. पियानोवादकाचे हात अपघातात जातात आणि त्याला फाशी गेलेल्या खुन्याचे हात बसवतात. फाइट पूर्ण सिनेमाभर स्वतःच्या हातांना परक्यासारखं वागवतो. ते पुढे धरून फिरतो, जणू ते आपले नाहीत, आपण फक्त त्यांच्या मागोमाग चाललोय. आवाज नाही, संवाद नाही, नुसते दोन हात.

निखिल_तळेगाव

जोकर! कुणीच कसं बोललं नाही अजून?

'द मॅन हू लाफ्स' (१९२८). व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी, दिग्दर्शक पॉल लेनी, युनिव्हर्सल स्टुडिओ. लहानपणी गाल कापून चेहऱ्यावर कायमचं हसू कोरलेला ग्विनप्लेन. १९४० मध्ये बॅटमनच्या कॉमिकमध्ये जोकर आला तेव्हा तो घडवणाऱ्या बिल फिंगर, बॉब केन मंडळींसमोर फाइटचा याच भूमिकेतला फोटो होता. पुढचे सगळे जोकर त्या एका फोटोची नातवंडं आहेत.

मेकअप जॅक पियर्सचा, ज्याने नंतर कार्लॉफचा फ्रँकेनस्टाइनचा राक्षस रंगवला. ओठ मागे ओढून धरायला तोंडात आकडे असलेली कवळी बसवली होती. ती घालून बोलता येत नसे. मूकपट होता म्हणून निभावलं.

तिखटमीठ

@निखिल, आणि गंमत बघ, ग्विनप्लेन खलनायक नाहीच. सिनेमातला सगळ्यांत हळवा माणूस तोच आहे. तोंड हसतंय म्हणजे चेहऱ्याचा अर्धा भाग कामाचा नाही. सगळा अभिनय डोळ्यांनी आणि कपाळाने. लाज वाटली की तो हाताने किंवा रुमालाने तोंड झाकतो, आणि तेवढ्या वेळापुरता त्याचा चेहरा त्याला परत मिळतो. जगाने त्यातून घेतलं काय, तर हसणारा राक्षस.

टवाळखोर

म्हणजे जोकर याचा, नाझी याचा. उद्या सांगाल गब्बरची तंबाखूही याचीच.

जुना_प्रेक्षक

टवाळखोर, तंबाखूचं माहीत नाही, पण डिस्नेच्या 'अलादिन'मधला जाफर याच्यावरूनच घेतलाय.

आम्ही मुलं होतो तेव्हा रविवार सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी सिनेमे लागत. तिथे 'बगदादचा चोर' (१९४०) पाहिला. निर्माता कॉर्डा, सिनेमा रंगीत. उडता घोडा, बाटलीतला राक्षस, उडती सतरंजी. त्यातला दुष्ट वजीर जाफर म्हणजे हा फाइट. आम्हाला त्याचं नावगाव काही ठाऊक नव्हतं. पण तो काळा झगा आणि समोरच्याला खिळवून टाकणारे निळे डोळे मी त्यानंतर कित्येक दिवस विसरलो नाही.

आणि चोर कोण? आपला साबू. म्हैसूरच्या माहुताचा पोर. दिग्दर्शक फ्लॅहर्टीने त्याला हत्तीवरच्या सिनेमासाठी शोधलं आणि तिथून तो थेट लंडनला पोचला. सिनेमाचं काम इंग्लंडमध्ये डेनमला सुरू झालं, मध्येच महायुद्ध भडकलं आणि उरलेलं चित्रण हॉलिवुडला जाऊन पुरं केलं. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स अशी तीन ऑस्कर मिळाली. म्हैसूरचा मुलगा, बर्लिनचा वजीर, हंगेरियन निर्माता, आणि गोष्ट बगदादची.

एक लक्षात घ्या. जाफर राजकन्येवर खरोखर प्रेम करतो. ते तिला मिळवण्याच्या हट्टापलीकडचं आहे. तिला संमोहित करून तो मिळवू शकला असता, पण ते त्याला नको असतं. त्या वयातसुद्धा मला क्षणभर त्याची दया आली होती आणि दया आल्याचा रागही.

गवती_चहा

सुंदर प्रतिसाद, काका.

या यादीत एक नाव राहिलंय, आणि फाइटची हिंमत मोजायची तर तिथूनच मोजावी लागेल. 'आंडर्स आल्स दी आंडरेन' (इतरांहून वेगळा), १९१९. दिग्दर्शक रिशार्ड ओस्वाल्ड, सहलेखक लैंगिकतेचे अभ्यासक डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड, जे स्वतः त्यात डॉक्टर म्हणून दिसतात. फाइट एक व्हायोलिनवादक आहे, त्याचं त्याच्या तरुण शिष्यावर प्रेम आहे, आणि एक ब्लॅकमेलर त्याला पिळून काढतोय. जर्मनीत तेव्हा कलम १७५ होतं, पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं. आपल्याकडच्या ३७७ चं चुलत भावंड म्हणा. व्हायोलिनवादक शेवटी विष घेतो.

युद्ध संपल्यावर सेन्सॉर उठलं होतं त्या थोड्या काळात हा सिनेमा निघाला. १९२० मध्ये सेन्सॉर परत आलं आणि सर्वसामान्यांसाठी तो बंद झाला. आज त्याची तुटकी प्रतच उरली आहे. हिर्शफेल्डांची संस्था १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी लुटली, पुस्तकं जाळली. कलम १७५ पूर्णपणे जायला १९९४ उजाडलं.

कारकीर्द नुकती रुळत असताना अशी भूमिका घेणारा नट आज, १०० वर्षांनंतर, आपल्याकडे किती जणांना सापडेल?

वाचनमात्र

फक्त लॉगिन करून +१ द्यायला आले. पुन्हा वाचनमात्र.

बेळगावी_कुंदा

थोडं अवांतर, पण मराठी माणूस आणल्याशिवाय आपल्याकडे धागा पूर्ण होत नाही.

वर 'भारतीय महाराजा' असा उल्लेख आलाय तो 'दास इंडिशे ग्राबमाल' (१९२१) मधला. दोन भागांचा अवाढव्य सिनेमा, दिग्दर्शक यो माय. एश्नापूर नावाच्या काल्पनिक संस्थानचा राजा आयान, त्याची बेइमान राणी, आणि तिच्यासाठी कबर बांधायला बोलावलेला युरोपीय वास्तुविशारद. सगळं भारत बर्लिनजवळच्या वोल्टर्सडोर्फला लाकूड-प्लास्टरमध्ये उभं केलं होतं. मंदिरं, वाघ, योगी, सगळा माल. फाइट फेटा बांधून, चेहरा रंगवून राजा झालाय. भारताबद्दल त्यातून काही शिकू नका, पण त्याचं ते आतल्या आत धुमसणं बघण्यासारखं आहे.

आता मुद्दा. ही कथा थेआ फोन हार्बूची आणि पटकथा तिची व फ्रिट्झ लांगची. लांगला दिग्दर्शन स्वतः करायचं होतं, ते मायने आपल्याकडे ठेवलं. त्याची खंत लांगने १९५९ मध्ये स्वतःची आवृत्ती काढून भागवली, तीही उदयपूरला येऊन. मधल्या काळात हार्बू आणि लांग विभक्त झाले. आणि हार्बूने त्यानंतर गुपचूप लग्न कुणाशी केलं? आमच्या बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या अयी तेंडुलकरांशी! जर्मनीत शिकायला गेलेला, वर्तमानपत्रांत लिहिणारा, तिच्यापेक्षा वयाने बराच लहान मराठी तरुण. युद्धाआधी ते भारतात परतले, इथे तुरुंगात गेले, आणि नंतर इंदुमती गुणाजींशी त्यांचं लग्न झालं ते गांधीजींनी घातलेल्या अटी पाळून, सेवाग्रामला. हार्बू मात्र जर्मनीत राहिली आणि नाझी पक्षाची सभासद झाली.

म्हणजे जिने फाइटसाठी महाराजा लिहिला, ती खऱ्या भारतीयाशी संसार करून नाझी पक्षात, आणि ज्याने खोटा भारतीय रंगवला तो नाझींना सोडून लंडनला. पटकथेत लिहिलं तर कुणी पास करणार नाही.

टवाळखोर

शेंगदाणे संपले. बेळगावचा कुंदा कुणी पाठवेल का?

काथ्याकूट

कुंदाताई, अवांतर असूनही मूळ मुद्द्याच्या सगळ्यात जवळचा प्रतिसाद तुमचाच. धागाकर्त्याने 'फरफट की लढाई' विचारलंय. त्याचं उत्तर एकट्या फाइटकडे बघून सापडायचं नाही, त्याच्या बरोबरीचे काय करत होते ते बघावं लागेल.

पॉल लेनीचा १९२४ चा 'मेणाच्या पुतळ्यांचं दालन' घ्या. मूळ जर्मन नाव 'दास वाक्सफिगुरेनकाबिनेट'. त्यात तीन पुतळ्यांच्या तीन गोष्टी. हारून अल रशीद झालाय एमिल यानिंग्स, इव्हान द टेरिबल झालाय फाइट, जॅक द रिपर झालाय वेर्नर क्राउस. त्या पुतळ्यांच्या गोष्टी लिहिणारा तरुण कवी म्हणजे विल्हेल्म डीटर्ले. जर्मन पडद्यावरचे तीन सर्वांत मोठे चरित्रनट एका सिनेमात, एका दिग्दर्शकाकडे.

पुढची १५-१६ वर्षं बघा. डीटर्ले अमेरिकेला जाऊन तिथला दिग्दर्शक झाला. लेनी, जो ज्यू होता, तोही हॉलिवुडला गेला आणि १९२९ मध्ये तिथेच वारला. यानिंग्स हा अभिनयाचं पहिलं ऑस्कर मिळालेला माणूस. तो जर्मनीला परतला आणि नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या प्रचारपटांचा नायक झाला, 'ओम क्र्यूगर' (१९४१) सारख्या. क्राउसने १९४० मध्ये फाइट हार्लानच्या 'युड ज्यूस'मध्ये काम केलं. (हा 'फाइट' म्हणजे दिग्दर्शकाचं पहिलं नाव, आपल्या नटाचा संबंध नाही.) ज्यूंचा द्वेष पसरवण्यासाठीच बनवलेला सिनेमा, आणि क्राउसने त्यात एक नव्हे, अनेक ज्यू पात्रं केली.

आता कळस ऐका. त्या सिनेमाच्या नावातला ज्यूस म्हणजे अठराव्या शतकातला ज्यू दरबारी सावकार ज्यूस ओपनहाइमर. त्याच्यावरच १९३४ मध्ये इंग्लंडमध्येही सिनेमा निघाला होता, फॉइश्टवांगरच्या कादंबरीवरून, ज्यूंच्या बाजूने. त्यात ज्यूस कोण? कॉनराड फाइट.

'कालिगारी'तला डॉक्टर आणि त्याचा झोपेत चालणारा गुलाम. १४ वर्षांनी गुलाम एका बाजूला उभा, २० वर्षांनी डॉक्टर दुसऱ्या. युद्धानंतर क्राउसला १९५४ मध्ये जर्मन रंगभूमीचा सर्वोच्च मान समजली जाणारी इफलांड अंगठी मिळाली. फाइट तोवर अकरा वर्षांपूर्वीच गेला होता.

म्युनिककर_सई

काटा आला. त्यात गॉसिपची भर घालते: फाइटची पहिली बायको गुसी होल, कॅबरे गायिका. घटस्फोटानंतर तिने लग्न केलं ते यानिंग्सशी.

टवाळखोर

बर्लिन फार लहान गाव असावं.

अधांतरी

सगळं भावुक चाललंय म्हणून थोडी काडी टाकतो. फाइटबद्दल एक किस्सा प्रत्येक लेखात असतो. नाझींनी सिनेमावाल्यांना वंशाचा तक्ता भरायला लावला, तेव्हा स्वतः ज्यू नसताना त्याने बायकोसाठी 'ज्यू' असं लिहिलं. ऐकायला छान. पण सिनेमावाल्यांच्या चरित्रांमध्ये असे किस्से पिकतात. आणि तो काही उपाशी पळाला नाही, इंग्लंडमध्ये त्याला आधीपासून कामं होती. करिअर पाहून गेला असेल तर? नंतर हौतात्म्य चिकटवायला वेळ लागत नाही.

काथ्याकूट

अधांतरी, तक्त्याचा किस्सा बाजूला ठेवा, मला तो लागतही नाही. कामं बघा ना. १९३३ मध्ये तो इंग्लंडमध्ये 'द वाँडरिंग ज्यू' करतो, ज्यात ज्यू नायक शेवटी इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) चितेवर जातो. कोणत्या साली? ज्या साली जर्मनीत ज्यूंवर बहिष्कार सुरू झाला त्याच. मग जर्मनीत 'विल्हेल्म टेल'च्या चित्रीकरणाला गेला, तर तिथे त्याला अडकवून ठेवलं. तो आजारी आहे, प्रवास करू शकत नाही असं कळवलं. गॉमाँ-ब्रिटिश कंपनीने लंडनहून आपला डॉक्टर पाठवला, माणूस ठणठणीत निघाला, मग सोडावं लागलं. आणि सुटल्यावर त्याने 'ज्यू ज्यूस' केला. करिअर सांभाळणारा माणूस हा शेवटचा निर्णय घेत नाही. जर्मन बाजारपेठ त्याला त्या क्षणी बंद झाली, आणि तो तिथला पहिल्या रांगेतला तारा होता.

करिअर सांभाळणं काय असतं ते यानिंग्सकडे बघून कळतं.

अधांतरी

मुद्दा दमदार आहे. तरी किश्श्याबद्दलचा माझा संशय माझ्यापाशी राहू द्या, कुणाचं काही खात नाही.

जुना_प्रेक्षक

अधांतरी, संशय राहू द्या, पण दुसरी बाजू आपल्या मालाडलाही होती हे विसरू नका. बॉम्बे टॉकीजचे जर्मन दिग्दर्शक फ्रांत्स ओस्टेन, 'अछूत कन्या'वाले. देविकाराणी-अशोककुमारला पडद्यावर उभं केलं त्यांनीच. तेही नाझी पक्षाचे सभासद होते. युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांनी त्यांना अटक केली आणि नंतर जर्मनीला धाडलं. त्याच मुंबईत १९३९ मध्ये विली हास हे बर्लिनचे नामवंत ज्यू पटकथाकार जीव वाचवून आले आणि निर्माते भवनानींच्या कंपनीसाठी लिहू लागले. एकाच शहरात दोन्ही प्रकारचे जर्मन सिनेमावाले, मध्ये फक्त काही लोकल स्टेशनांचं अंतर.

रात्रपाळी

धागा माझ्या हाताबाहेर गेला आणि ते फार बरं झालं. मूळ प्रश्नाकडे वळतो.

तिखटमीठ यांचं वाचून रात्री 'कॅसाब्लांका' पुन्हा लावला. आवाजाबद्दलचं म्हणणं पटलं. पण माझी तक्रार नटाबद्दल नव्हती, भूमिकेबद्दल होती आणि ती कायम आहे. श्ट्रासरला आत काही नाही. जाफरला प्रेम आहे, ग्विनप्लेनला लाज आहे, ओर्लाकला भीती आहे. श्ट्रासरला फक्त हुद्दा आहे.

तुलनेसाठी 'द स्पाय इन ब्लॅक' घ्या. दिग्दर्शक मायकेल पॉवेल आणि लेखक एमेरिक प्रेसबर्गर यांचं पहिलं एकत्र काम. त्यात फाइट जर्मन पाणबुडीचा कप्तान हार्ट आहे, पहिल्या महायुद्धातला, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर हेरगिरीला उतरलेला. शत्रूच आहे, पण आपण त्याच्या बाजूने बघतो. त्याला भूक लागते, लोणी बघून तो हरखतो, प्रेमात फसतो. हा सिनेमा ब्रिटनमध्ये लागला १९३९ च्या ऑगस्टमध्ये. पुढच्या महिन्यात युद्ध. ऑक्टोबरमध्ये खऱ्या जर्मन पाणबुडीने त्याच ऑर्कनीच्या स्कापा फ्लो बंदरात घुसून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. त्यानंतर कुणाला माणूस असलेला जर्मन कप्तान परवडणार होता?

म्हणून माझं मत थोडं सरकलंय. त्याला नाझीच्या साच्यात हॉलिवुडने बसवलं म्हणणं अर्धवट आहे, १९३९ सालानेच बसवलं.

गवती_चहा

रात्रपाळी, आणि तो एकटा नव्हता. 'कॅसाब्लांका'ची श्रेयनामावलीच बघा. नावानिशी झळकलेल्यांत अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे. बाकी सगळा युरोपातून आलेला गोतावळा. खिसेकापू झालेला कुर्ट बोइस बर्लिनचा ज्यू. जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालियो फ्रान्समधून निसटलेला. बल्गेरियन नवरा झालेला हेल्मुट दांटीन ऑस्ट्रियाचा, नाझींनी त्याला छावणीत टाकलं होतं, आणि हॉलिवुडमध्ये त्याच्याही वाट्याला जर्मन सैनिकाचेच गणवेश आले. उच्चार जर्मन, मग भूमिका जर्मन, मग गणवेश. ज्यांना हाकललं त्यांनाच हाकलणाऱ्यांचं सोंग घ्यावं लागलं, कारण भाडं भरायचं होतं.

पण फाइटला भाड्याची ददात नव्हती. तो त्या भूमिका घेत होता आणि कमाईतला मोठा वाटा ब्रिटनच्या युद्धमदतीला देत होता. तो नाझी करायला तयार असे, पण पात्र खलनायकच हवं, त्याला कुठे उजळ बाजू नको, अशी त्याची अट होती म्हणतात. म्हणजे रात्रपाळी ज्याला 'आत काही नाही' म्हणतायत, ते त्याने कदाचित मुद्दाम रिकामं ठेवलं.

तिखटमीठ

हेच! गवती चहा, माझ्या तोंडचं वाक्य. ज्या माणसाला सेझारेच्या बंद डोळ्यांतही दुःख दाखवता येतं, त्याने श्ट्रासरला चुकून पोकळ ठेवलं असेल हे मला पटत नाही. तुम्ही त्याला दया येण्याची एकही फट सोडली नाही तर ती तुमची निवड आहे.

'मार्सेलेझ'चा प्रसंग आठवा. श्ट्रासर पियानोपाशी उभा राहून अधिकाऱ्यांसोबत 'दी वाख्त आम राइन' म्हणतोय. समोर नाझीविरोधी नेता लास्लो बँडला फ्रेंच राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, आणि सगळा कॅफे उठतो. गाणाऱ्यांत कितीतरी खरे निर्वासित आहेत, काहींचे डोळे खरोखर भरलेत. त्यांच्या आवाजाखाली दबून गप्प बसायचं काम कुणाकडे? बायकोसाठी देश सोडलेल्या बर्लिनकराकडे. तो प्रसंग तो गाऊन नाही, हरून चालवतो.

रात्रपाळी

हं. यावर प्रतिवाद सुचत नाहीये. सुचला की येतो.

निखिल_तळेगाव

वकिलाने तारीख घेतली! :)

बाय द वे, याच काळातला 'नाझी एजंट' (१९४२) कुणी पाहिलाय का? फाइटची दुहेरी भूमिका. एक भाऊ अमेरिकेत स्थायिक झालेला शांत पुस्तकवाला, जुळा भाऊ नाझी वकिलातीतला अधिकारी. पुस्तकवाला नाझी भावाची जागा घेतो. ज्यूल्स दासाँचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. म्हणजे चांगला जर्मन नाझीचं सोंग करतोय अशी भूमिका, ती करणारा चांगला जर्मन, जो रोज स्टुडिओत नाझीचं सोंग करतोय. डोकं गरगरलं.

काथ्याकूट

पाहिलाय. सिनेमा बेताचा, स्वस्तात उरकलेला. पण दोन्ही भाऊ समोरासमोर येतात तो प्रसंग बघाच. मिशी-दाढीचा फरक सोडा, खांद्यांवरून कळतं कोण कोणता ते.

बेळगावी_कुंदा

कुणीतरी कुठून सुरुवात करायची ते सांगा ना. माझ्या लेकीला (अकरावी) जोकरमुळे उत्सुकता वाटतेय, आणि मला तिला पहिल्याच दिवशी मूकपटाने घाबरवायचं नाहीये.

म्युनिककर_सई

लेकीला आधी 'बगदादचा चोर' दाखवा. मग 'द मॅन हू लाफ्स', त्याच्यासोबत संगीताचा ट्रॅक आहे त्यामुळे जड जात नाही. 'कालिगारी'ची जुनी, धुरकट प्रत टाळा, रंगछटांसकट नीट दुरुस्त केलेली मिळते तीच लावा आणि खोलीत अंधार करा. फोन बाहेर. 'ओर्लाक' तिने स्वतःहून मागितला तरच.

आणि तुम्हा दोघींसाठी मिळून 'काँट्राबँड' (१९४०). पॉवेल-प्रेसबर्गरचाच. ब्लॅकआउटमधलं अंधारं लंडन, फाइट डॅनिश जहाजाचा कप्तान, चक्क नायक! सोबत 'स्पाय इन ब्लॅक'मधलीच व्हॅलरी हॉब्सन. तो त्यात मिश्कील आहे, रुबाबदार आहे, भूक लागली म्हणून कुरकुरतो. एकदाही कुणाचा गळा धरत नाही.

बेळगावी_कुंदा

वा, मग शनिवारी 'काँट्राबँड'च. टवाळखोर, पत्ता व्यनि करा, कुंदा कुरियर करते.

टवाळखोर

व्यनि केला. दोन किलो लिहिलंय, अर्धा किलो धागाकर्त्याच्या प्रतिवादासाठी राखीव.